काकांचा रविवार

आमचे काका न्हावी. दुकान ऐन बाजारात, पण रविवारी, म्हणजे न्हाव्याच्या धंद्याला खरा जोर असतो त्या दिवशी, त्यांचं शटर खाली. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट आणि काकूबरोबर चर्च. वर्षानुवर्षं हेच. म्हणून चर्चच्या मंडळीने त्यांना कारभार पाहणारे पंच म्हणून निवडलं तेव्हा त्यांच्यापेक्षा काकूच जास्त फुलली. चर्चमधून बाहेर पडताना लोक ‘या पंचीणबाई’ म्हणून वाट द्यायचे आणि ती उगाचच सावकाश चालायची.

आणि अचानक काका उपासनेला यायचे बंद झाले. आंघोळ तीच, शर्ट तोच, हातात एक पिशवी आणि पाय भलतीकडेच. काकूने विचारलं की एकच उत्तर, "जरा काम आहे."

आमच्या मंडळीतल्या शिंपीणबाईंच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही. त्यांनी काकांना दुसऱ्या पंथाच्या चर्चच्या गल्लीत शिरताना पाहिलं. पिशवीत बायबल असणार हेही ठरवून टाकलं. झालं! पंच तिकडे गेले! आमच्याकडे माणूस देवापासून दूर गेला तर लोक हळहळतात. शेजारच्या चर्चमध्ये गेला तर मात्र खवळतात. पंचकमिटीने निरोप धाडला, खुलासा करा, नाहीतर पद सोडा. काकूच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या रविवारी तिने मला सोबत घेतलं. "चल, आज सोक्षमोक्षच लावते."

काका गल्लीत शिरले, चर्चवरून सरळ पुढे गेले आणि एका जुन्या इमारतीचा जिना चढले. आम्ही मागोमाग. वरच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत खाटेवर एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर, अर्धं अंग लुळं पडलेलं. मुलाने त्यांना पाठीमागून छातीशी धरून बसवलं होतं. काका दोन बोटांनी त्यांचा सैल गाल ताणून हलक्या हाताने वस्तरा फिरवत होते. पिशवीत ब्रश, साबण, तुरटी. म्हाताऱ्यांच्या गळ्याभोवती एक मऊ टॉवेल.

"अहो, हा माझा चांगला टॉवेल!" काकूच्या तोंडून पहिलं हेच निघालं.

मुलगा हसला. त्याला सुट्टी फक्त रविवारी, आणि वडिलांना धरायला कोणी नसेल तर दाढी होणार कशी? अशी आणखीही घरं होती. "बाबांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता," तो म्हणाला, "देवाचं नाव काढलंस तर हाकलून देईन."

"मी कशाला काढतोय?" काका म्हणाले. "बोललो की हात हलतो."

तुरटी फिरवून झाली. म्हाताऱ्यांनी चांगल्या हाताने गाल चाचपला, आरसा मागितला आणि बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिले. "माणसात आलो," ते म्हणाले. काकूचे डोळे भरले. तिने फेसाच्या पाण्याचा वाडगा उचलला आणि मोरीत रिकामा केला.

घरी येताना मात्र ती कडाडली. "एवढं सांगायला काय झालं होतं?"

"तू रोज विचारलंस, चर्चला का येत नाही. कुठे जाता, हे एकदा तरी विचारलंस?"

कमिटीपुढे काकांनी सगळं सांगितलं; काकू आणि मी मागे बसलो होतो. अध्यक्ष म्हणाले, काम पुण्याचं आहे, पण दुसऱ्या दिवशी करा, पंचाने उपासनेला हजर असलंच पाहिजे. काका काकूकडे बघत होते. आपलं पद गेलं तर कोणाचं काय जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकू उठली. "नाव काढा त्यांचं," ती म्हणाली. "दाढ्या थांबायच्या नाहीत."

मला तिथेच शिट्टी मारावीशी वाटली. नाव काढलं गेलं. त्या रात्री दोघं इतकी पोटभर जेवली की जणू मोठं पदच मिळालंय.

पुढच्या रविवारी काकू चर्चमध्ये एकटीच बसली. उपासना संपल्यावर शिंपीणबाई जवळ सरकल्या. "मग? आज कुठे गेले म्हणायचे?"

"दाढी करायला गेलेत," काकू म्हणाली, चार बाकांना ऐकू जाईल अशी. "कोणाची करायची असेल तर सांगा."

शिंपीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"सासरे आहेत हो घरी. दोन वर्षं झाली, अंथरुणावरच. येतील का ते आमच्याकडे?"