हॅलोजनखालची देवी

सुरतेजवळ कडोदऱ्यातल्या आमच्या गल्लीत सुंदरामावशी राहतात. कारखान्यात साड्यांच्या घड्या घालतात आणि गल्लीतल्या देवळाची झाडलोट करतात. देवळात सप्तशृंगीचं चित्र असलेला जुना लाकडी पाट भिंतीला उभा टेकवलेला आहे. तो त्यांच्या सासूबाईंनी खान्देशातून आणलेला.

यंदा नवरात्राआधी मंडळानं ठरवलं, देवीचा चेहरा नव्यानं रंगवायचा. देवी रागावलेली दिसते, ओठ खाली झुकलेले, असं सगळ्यांचंच म्हणणं. लूमवर काम करणाऱ्या लखननं नवस फेडायला वर मोठा हॅलोजन लावला होता. तेव्हापासून तर ती जास्तच उग्र वाटायची.

मावशी मात्र ऐकेनात. "मनी माय रुसेल नही शे," एवढंच अहिराणीत म्हणायच्या, माझी आई रुसलेली नाही. त्या सून म्हणून आल्या तेव्हा देवी हसरी होती म्हणे. लखन म्हणाला, तेव्हा तुम्ही तरुण होत्या मावशी, तुम्हाला सगळंच हसरं दिसायचं. त्या दिवशी लखनला प्रसाद निम्माच मिळाला.

पेंटर सोमवारी येणार होता. रविवारी मावशींची भाची धनश्री कॅमेरा घेऊन आली. ती कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन करते. जुनी चित्रं तपासायची एक रीत तिला कॉलेजात शिकवली होती. कॅमेरा एका जागी ठेवायचा, टॉर्चचा उजेड वेगवेगळ्या बाजूंनी टाकून फोटो काढायचे. मग कॉम्प्युटर ते फोटो जोडतो आणि पडद्यावर जणू दिवा हवा तिथं नेऊन चित्र पाहता येतं. टॉर्च मीच धरला, हात भरून आले.

संध्याकाळी सगळे लॅपटॉपभोवती जमलो. चित्रकारानं रंगाखाली लेप देऊन गाल-ओठ फुगीर केले होते. वरच्या उजेडात त्यांची सावली खाली पडे, म्हणून ओठ झुकलेले दिसत. धनश्रीनं पडद्यावरचा दिवा खाली आणला, जमिनीवरच्या समईइतका खाली. सावली सरकली आणि देवी चक्क हसली. मी नकळत हात जोडले.

मावशी लखनकडे वळल्या. "बंद कर तुझा सूर्य."

समई लावून पाहिलं, तर पाटावरही तेच हसू. पेंटरला नको म्हणून कळवलं. नवसाची वस्तू काढायला लखन घाबरत होता. देवीनं तुझा नवस कधीच घेतला, आता दिवा अंगणात लाव, पोरी गरबा खेळतील, असं मावशींनी त्याला समजावलं.

आता फक्त दर्शनाला खाली बसावं लागतं. उभ्यानं रंगाची चमक डोळ्यांवर येते. कामावर जायच्या घाईत मी दारातूनच नमस्कार केला, तर मावशींनी माझा पदर धरला.

"बस ना बाई. ती तुझ्यासाठीच बसलीय."



मी बसले. कामावर उशीर झाला, पण दिवसभर मलाच हसू येत होतं.