थर्माकोलचा भराव

सिव्हिलचा डिप्लोमा होऊन सहा महिने झाले होते, आणि अर्ध्या हळकुंडानं मी पुरता पिवळा झालो होतो. आमच्या वस्तीतल्या विहाराची ओसरी दर पावसाळ्यात खचायची. खाली काळी माती. लोक दरवर्षी वर मुरूम टाकायचे आणि त्या वजनानं जमीन आणखी बसायची. मी म्हटलं, हलका भराव करू. टीव्हीच्या दुकानांतून फेकलेला थर्माकोल आणला, बायांनी तो चुरला, त्यात सिमेंट, राख, पाणी. मापं सगळी माझी.

काम एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे होतं. विहाराच्या भिंती त्यांनीच तरुणपणी फुकटात बांधलेल्या. ओसरी नीट झाली तर शेजारचा नवा हॉलही त्यांनाच, असं पंचांनी कबूल केलं होतं. दुसरं काम त्यांना आता कोणी देत नव्हतं.

भराव ओतून मी चहाला गेलो. परत येतो तर मिस्त्री दुरमुस घेऊन ठोकून राह्यले. आमच्याकडे भराव म्हटला की ठोकायचाच. न ठोकता उठतो तो कामचोर. पण हा भराव ठोकला की दाणे चेपून त्याचा हलकेपणाच जातो, म्हणजे मेला.

माझं डोकं सटकलं. पंचांसमोर, बायांसमोर म्हणालो, "काऊन ठोकला? अक्कल इकून खाल्ली काय? आता एकट्यानं उपसा सारा."

ते वाकून घमेली भरत राहिले. कोणाला मी हात लावू दिला नाही. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

तळाशी पोचल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. खाली नुसता सिमेंट-राखेचा चिखल, थर्माकोलचा एक दाणा नाही. दाणे सगळे वर तरंगून आले होते आणि ते बिचारे तेच खाली दाबू पाहत होते. पाणी मीच जास्त धरलं होतं. ठोकलं नसतं तरी भराव वायाच जाणार होता.

"बाबू," ते हळूच म्हणाले, "पाणी जास्त झालं. पंचायले सांगून द्या. मले हॉल पाह्यजे."

"काय म्हणते मिस्त्री?" मागून एका पंचानं विचारलं.

"चूक झाली म्हणते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घमेलं उचललं.

हॉल दुसऱ्यानं बांधला. ओसरी मी पाणी कमी घेऊन पुन्हा भरली, आजवर खचली नाही. वंदनेला जातो तेव्हा मिस्त्री तिथंच बसलेले असतात. "जयभीम साहेब," म्हणतात आणि सरकून मला जागा देतात.