कपाटाला दुकान मिळालं

वडील गेले, लोणंदचं किराणा दुकान बंद झालं आणि उरलं त्यांचं खणांचं जुनं कपाट. एका हॉटेलवाल्याला ते शोभेला हवं होतं. त्यात कुंड्या ठेवणार म्हणे! आईने त्याला दारातूनच परत पाठवलं.

मग कवठे महांकाळहून एक बाई आली. तिला किराणा दुकान काढायचं होतं. अडकलेल्या खणाला तिने खालून गुडघा मारला, अगदी वडिलांसारखा. खण सुटला.

"रिकामं न्हेत न्हाई मी. मूठभर काय तरी घाला."

आईने मोहरी घातली. कपाट टेम्पोत चढलं. बाई टेम्पोत कपाटाशेजारी उभी राहिली, पदर खोचला आणि ओरडली, "बोला मावशी, काय देऊ?"

आई रुबाबात म्हणाली, "मोहरी द्या. पहिली भवानी माझी!"