सुभेदारांचा सोनचाफा

सुभेदार नाथाजी पलटणीतून निवृत्त होऊन पाटणजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि आसामच्या रानातून आणलेलं सोनचाफ्याचं वीतभर रोप होतं. रेल्वेत त्यांनी ते मांडीवर घेतलं होतं. तिकडं हे झाड आभाळाला भिडतं आणि फुललं की अख्ख्या छावणीला वास येतो, असं डब्यातल्या प्रत्येकाला ऐकवत ते आले. बायकोला, बनुबाईंना, त्यांनी शब्द दिला की आता अंबाड्यात विकतचं फूल घालायचं नाही.

झाड वाढलं. सुभेदारांसारखंच ताठ वाढलं, कौलांच्या वर गेलं, विजेच्या तारांच्याही वर गेलं. फूल मात्र एक येईना. शेजारच्या हिंदुरावांनी नर्सरीतून सोनचाफ्याचं कलम आणून डब्यात लावलं, तर ते गुडघ्याएवढं असतानाच फुललं. त्यांची बायको आक्काताई रोज एक फूल माळून बनुबाईंकडे साखर मागायला यायची. एवढी साखर त्या घरात जाते कुठं, हे बनुबाईंना चांगलं कळत होतं.

शेवटी गावातल्या तात्याबांनी जुना उपाय सांगितला. हट्टी झाडाला एकानं कुऱ्हाड दाखवायची, दुसऱ्यानं मध्ये पडून जामीन राहायचं. झाड भितं आणि फुलतं. पलटणीतली पोरंही अशीच सरळ व्हायची, म्हणून सुभेदारांना हे लगेच पटलं.

रविवारी सकाळी ते बुटांना पॉलिश करून, कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभे राहिले. निम्मी आळी बघायला जमली. बनुबाईंना काय बोलायचं ते आदल्या दिवशीच पढवलेलं होतं. सुभेदारांनी झाडाला हिंदीत झापलं. खाणंपिणं वेळेवर पाहिजे आणि ड्युटीच्या नावानं ठणठणाट, असा सगळा पाढा वाचून त्यांनी कुऱ्हाड उगारली.

बनुबाई मध्ये पडल्याच नाहीत. सुभेदार खाकरले. मग बनुबाई शांतपणे म्हणाल्या, "तोडा. चुलीला तरी हुईल."

कुऱ्हाड वरच राहिली. "अगं, तू जामीन ऱ्हायाचं ठरलं हुतं की," सुभेदार हळूच म्हणाले.

"मी न्हाई. लय वाट बघितली."

सुभेदारांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि स्वतःच झाडाला पाठ लावून बायकोपुढं उभे राहिले. "एक साल दे त्याला. लेकरागत आणलंय गं."

बनुबाईंनी वरपर्यंत बघितलं. "एकच साल," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात झाड फुललं. फुलं पार शेंड्याला. सुभेदारांना वेळूला वेळू बांधून आकडी करावी लागली. बियांच्या रोपाला फुलायला इतकी वर्षं लागतातच, असं कृषी सहायक सांगत होता, पण त्याचं कोण ऐकतंय. झाड कुऱ्हाडीला नाही, बनुबाईंना भ्यालं, असं गावानं ठरवून टाकलं.

आता लांबलांबून बनुबाईंना बोलावणी येतात. त्या झाडाला वरखाली न्याहाळतात आणि "तोडा" एवढंच म्हणतात. कुऱ्हाड धरायला आणि जामीन राहायला सुभेदार बरोबर असतात. गेल्या महिन्यात मेढ्याच्या आकारामांचा फणस बघायला दोघं गेले. बनुबाईंनी शब्द उच्चारताच आकारामांनीच घाबरून खोडाला मिठी मारली, त्यामुळे सुभेदारांना काही कामच उरलं नाही. दोघं तिथं जेवून दुपारच्या एसटीनं परत आले. फणसाचं अजून काही कळलेलं नाही.