बोट ठेव

"बोट ठेव."

एवढंच म्हणायचा तो. कुणी म्हणालं, शास्त्रात असं लिहिलंय, की हातातली थापी खाली ठेवायचा, हात धुऊन धोतराला पुसायचा, पिशवीतून बायबल काढायचा आणि समोरच्याच्या मांडीवर उघडं ठेवायचा. मग म्हणायचा, बोट ठेव. आवाज कधी चढवला नाही. निम्मे लोक तिथंच गार व्हायचे.

आम्ही दोघं गवंडी. धरणाच्या कालव्यापासून तेलगावच्या रस्त्यावरच्या दुकानांपर्यंत तीसेक वर्षं एकाच ओळंब्यानं भिंती रचल्या. माजलगावच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती, पंचवीस-तीस घरं आणि पत्र्याचं चर्च. पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार हा वाचायचा, म्हणून वस्ती त्याला वाचक म्हणायची. सातवी शिकलेला. मी दुसरीत शाळा सोडली. पण मी पंच होतो आणि माझा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

वस्तीत एक ड्रायव्हर होता, बायकोला मारायचा. बायकोनं नवऱ्याच्या धाकात राहावं असं शास्त्रच सांगतं, म्हणायचा. हा त्याच्या दारात गेला आणि पुस्तक उघडलं. ड्रायव्हरला जागा ठाऊक होती. त्यानं बरोबर बोट ठेवलं. लोक हसले, आज वाचक सापडला म्हणाले. हा म्हणाला, "आता बोट उचलू नको. खाली सरकव." चार-पाच ओळी खाली, नवऱ्यानं बायकोवर स्वतःच्या अंगासारखी माया करावी असं होतं. ते त्यानं ड्रायव्हरकडून सगळ्यांसमोर तीनदा वाचून घेतलं. मार थांबला असं मी म्हणणार नाही. शास्त्राचं नाव घेऊन मारणं मात्र थांबलं.

शेजारच्या मुसलमान फळवाल्याकडून ईदला शिरखुर्मा यायचा, पाटलाच्या घरून नैवेद्याची पोळी यायची. खावी का न खावी, यावर आमच्यात भांडणं. पुस्तक उघडून दोन्ही बाजूंची बोटं दोन पानांवर बरोबर पडायची. त्याला विचारलं तर म्हणायचा, "दोन्ही लिव्हलंय. आधी देणाऱ्याचं तोंड बघ, मग ठरव." आणि पोळी दुमडून खायचा.

एक गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. मी रविवारी गीतपुस्तक हातात धरूनच गायचो. गाणी सगळी पाठ. एकदा तो शेजारी उभा होता. गाता गाता त्यानं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, सुलटं केलं आणि परत दिलं. माझ्याकडं बघितलंही नाही. पुढं कधी तो विषय काढला नाही.

मार्थामावशी म्हणून एक विधवा आमच्या वस्तीत होती. तिची एकुलती लेक शांता. चकलांब्याकडच्या एका हिंदू मुलाशी लग्न करून गेली. कुंकू लावलं, खंडोबाच्या पाया पडली. नवरा मेल्यावर दिरांनी घरात ठेवली नाही. काविळीनं पिवळी होऊन आईकडं आली आणि आठ दिवसांत गेली. मावशीचं एकच मागणं होतं, तिला आपल्या कबरस्तानात तिच्या बापाशेजारी जागा द्या.

पंच बसले. मी म्हणालो, नाही. जी दुसऱ्या देवापुढं वाकली तिला आपल्यात माती द्यायची नाही, असं शास्त्रात लिहिलंय. माझ्या बापाकडून मी ते ऐकलं होतं. खोटं बोलतोय असं मला वाटत नव्हतं. लिहिलंच असेल, असं वाटत होतं.

त्यानं सवयीनं पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर उघडलं. "बोट ठेव, गड्या," म्हणाला. म्हणाला आणि त्याचं तोंड उतरलं. त्याला आठवलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

वीस माणसं बसलेली. त्यात माझा थोरला, आणि नुकतीच सोयरीक झालेला व्याही. मी पानं चाळली, जशी कुणी जाणता चाळतो तशी. एका पानावर थांबलो आणि मधोमध बोट दाबलं.

तो वाकला. ओळ वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मावशी दाराशी बसली होती, तिची नजर त्याच्या तोंडावर. त्यानं माझं बोट हळूच बाजूला केलं आणि पुस्तक मिटलं.

"हाय," म्हणाला.

शांताला भिंतीच्या बाहेर, बाभळीखाली ठेवलं. खड्डा त्यानं एकट्यानं खांदला. मी गेलो नाही. मावशी त्याला जाताना एवढंच बोलली, असं मला नंतर कळलं: "दादा, तुमी वाचलं म्हणून मी गप बसले."

पुढच्या रविवारी तो वाचायला उठला नाही. घसा बसलाय म्हणाला. तो घसा पुन्हा सुटलाच नाही.

महिन्याभरानं एका दुपारी माझ्या ओसरीवर आला. पिशवीतून पुस्तक काढलं, तेच पान उघडलं. "बोट ठेव."

मी भडकलो. मसणात जायच्या वयाला अक्षरं शिकवतो का बे, म्हणालो.

"तिथं जायच्या आधी तुला कळाय पायजे," तो म्हणाला, "तू कुठं बोट ठेवलंतं."

मी त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही. मग मी बोट ठेवलं. सगळा हिवाळा तो येत राहिला. माझं जाड बोट धरून अक्षराखाली न्यायचा. काना, मात्रा, वेलांटी. चुकलो तर हसायचा नाही. पूर्वी हसायचा. भिंत वाकडी गेली की लई हसायचा.

होळीच्या सुमाराला ते पान मला वाचता आलं. त्यावर नावं होती. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला. नुसती नावं. बाप आणि लेक, बाप आणि लेक, पानभर. माती देण्याबद्दल एक अक्षर नाही.

"मग तू हाय कावून म्हणालास?" मी विचारलं.

तो बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरचा चुना खरवडत बसला. "तुजी इज्जत राखली. मेलेलीला काय कळतंय, असं वाटलं तवा. तिची माय जिती हाय, हे ध्यानात न्हाई आलं."

पंचांना सांगू या, मी म्हणालो. "तू सांग," तो म्हणाला. "बोट तुजं हुतं."

सांगणार होतो. दर रविवारी पुढच्या रविवारी सांगू म्हणायचो. तेवढ्यात मावशी गेली. तिला आत, नवऱ्याशेजारी ठेवलं. लेक बाहेर राहिली.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. आधी दोन दिवस मला बोलावून म्हणाला, "मला भायेर ठेव, गड्या. शांताच्या बाजूला. एकटी हाय ती."

आता माझा थोरला पंच आहे. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, वाचकबाबाला भायेर ठेवायचं? कावून? आन लिव्हलंय कुठं त्यांनी? बोट ठेवा." टोमणा नव्हता तो. वाचकाचं वाक्य आता सगळ्या वस्तीचं झालंय. कारण सांगायचं तर माझं बोट सांगावं लागत होतं. व्याही समोरच उभा होता. तोंडाशी आलं आणि गिळलं. तुम्ही म्हणाल, अजून ताठा गेला नाही. नाही गेला.

त्याला आत ठेवला. पहिल्या रांगेत, हार-फुलं घालून.

मी दुपारी तिकडं जातो. तो आत, ती बाहेर, मध्ये भिंत. ती भिंत आम्ही दोघांनीच बांधलेली आहे, ओळंबा धरून, पक्की. कुठं चीर पडली का म्हणून हात फिरवून बघतो. पडलेली नाही.

म्हणून हे लिहिलं. त्यानं शिकवलेल्या अक्षरांत, माझ्या हातानं. मी गेल्यावर मला भिंतीच्या बाहेर, शांताच्या बाजूला ठेवायचं. कारण वर सगळं दिलंय. व्याह्यालाही वाचून दाखवा. आणि थोरल्या, कुठं लिव्हलंय म्हणून विचारशील, तर इथं.

बोट ठेव.