अकोल्यात शिकलेला धीर

गिरजे, बहिणी, मी घर सोडलं त्या सकाळी तू ओट्यावर बसून रडत होतीस आणि बा माझ्याकडे पाठ करून बैलांना पाणी पाजत होता. शेजाऱ्याची कापसाची गाडी अकोल्याला निघाली होती, मी तिच्यावर चढून बसलो होतो. मायनं फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. बा काही वळला नाही. एवढंच म्हणाला, "जरा दम धरला असता तं काय बिघडलं असतं?"

भांडण कापसावरूनच झालं होतं. दूर कुठल्याशा मुलखात लढाई लागली, कापसाचा भाव चढला आणि आपल्या दर्यापूरकडच्या काळ्या वावराला सोन्याचे दिवस आले. लोक नुसते पिसाळले होते. दवानं ओला असतानाच कापूस वेचायचे, अर्धी फुटलेली बोंडं ओरबाडायचे. मी म्हणे, आपणही तसंच करू. बा म्हणे, ऊन चढू दे, बोंड पुरतं उमलू दे. मी पडलो लवंगी मिरची, मला कुठला दम निघतो? "तू बस बोंडाईकडे पाहत, मी चाललो," असं त्याच्या तोंडावर बोलून मी गाडीत बसलो.

अकोल्याच्या कापूसबाजारात हमालीला लागलो. गाड्यांच्या रांगा, धुरळा, बैलांची शिंगं आणि शिव्या. गावाकडे दिवसातून एखाद्याशी भांडायचो, इथे भांडायला सगळा बाजार मोकळा होता. मग एका उन्हाळ्यात तापानं लोळवलं तेव्हा सोबतच्या हमालांनी मला उचलून ख्रिस्ती मिशनच्या ओसरीवर आणून टाकलं. बरं झालो तो मार्थाबाईच्या हातच्या पेजेवर. ही नगरकडची विधवा बाई, मिशनची चूल सांभाळणारी. पेज देताना दहा गोष्टी सुनवायची, पण पेज ऊन असायची.

अंगात बळ आलं तसं तिनं मला तूर निवडायला बसवलं. मी खडा सापडला तरी चिडायचो आणि नाही सापडला तरी चिडायचो. ती म्हणायची, "राग आला की तोंड मिटायचं आणि हात चालू ठेवायचे." चुलीपुढे बसून ती येशूची गोष्ट सांगायची. लोक तोंडावर थुंकले, खोटे आळ घेतले, तरी तो उलट बोलला नाही. आपल्याकडच्या देवांच्या लढायांच्या गोष्टी मला पाठ होत्या. हा गप्प राहणारा देव मात्र माझ्यासारख्या भांडखोराला कुठेतरी लागला. बाजारात कुणी धक्का मारला की मी ओठ मिटून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायचो. आधी हमाल हसले, मग त्यांना सवय झाली. दोन हंगाम तिथे काढल्यावर मी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी माझ्याआधी गावात पोचली. बानं बाजारात आलेल्या आपल्याकडच्या गाडीवानाजवळ माझी साधी चौकशीसुद्धा केली नाही, तेव्हा मी घरी जायचं ठरवलं. एकदा मायनं हाक मारावी, बानं तोंडाकडे पाहावं, एवढंच मला हवं होतं. मार्थाबाई निघताना म्हणाली, "ते बोलतील ते ऐकून घे. तू उलट बोलू नकोस." मी तिचा शब्द शिकाऊ पोरासारखा जसाच्या तसा पाळला.

गावी पोचलो, पण बाटलेल्या मी घरात पाऊल टाकलं असतं तर घर वाळीत पडलं असतं आणि तुझं लग्न अडलं असतं. म्हणून दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसलो. त्यांचा राग निवेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, प्रार्थना करत राहायचं, असं मनाशी ठरवलं होतं. बा दारात आला, मला पाहिलं, आत गेला. माय उंबऱ्याआडून पाहायची आणि पदर तोंडाला लावून मागे सरायची. दिवस गेला, रात्र गेली. मी गप्प होतो आणि खरं सांगू, मला माझ्या धीराचं कौतुक वाटत होतं. पूर्वीचा मी असतो तर केव्हाच दारावर लाथ मारली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बा वावरातून आला. हातात काळ्या मातीचं ढेकूळ होतं. ते त्यानं माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवलं.

"हे घे. विहिरीकडचा अर्धा तुकडा तुहा. आता ऊठ. तुह्या मायनं कालपासून पान्याचा घोट घेतला नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धरणं धरून बसलो होतो! हक्क मागायला आलेला माणूस दारात उपाशी बसला की तो उठेपर्यंत घरच्यांनीही जेवायचं नाही, हे मी काय जाणत नव्हतो? लहानपणी दुसऱ्याच्या दारात पाहिलेलं होतं. पण पोटचा पोरगा गप्प बसला तर त्यालाही लोक धरणंच म्हणतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या दिवसांत कापसापायी भाऊ भावाकडे वाटा मागत होते, वावराचे तुकडे पडत होते. बाला दुसरं काय वाटणार?

"बा, मले वावर नको," मी म्हणालो.

"मंग काय पायजे तुले? कालपासून बोलला काहून नाई?"

मायची एक हाक तेवढी मागायची होती, एका वाक्याचं काम होतं. पण आता मागितली असती तर तीही धरण्यावर उकळल्यासारखी झाली असती, आणि मी बसून राहीन तेवढा वेळ माय उपाशी राहणार होती. मी ढेकूळ तिथेच ठेवलं, बाला हात जोडले आणि उठलो.

पुढचा कापूस फुटायच्या आत माय गेली. मला ते बाजारात एका गाडीवानानं सांगितलं. तिच्या तोंडून माझं नाव मी पुन्हा ऐकलं नाही, आणि हे दुःख कुठल्याही प्रार्थनेनं कमी झालेलं नाही. बरीच वर्षं गेल्यावर तुझ्या सासरी भेटलो तेव्हा तू सांगितलंस, की त्या दोन दिवसांत तूही भुकेनं कळवळत होतीस आणि माय तुला म्हणत होती, "तुहा भाऊ उपाशी हाय, आपन कसं खावं?" म्हणजे वाट्याचा हिशोब बाच्या डोक्यात होता. ती मात्र माझ्यासोबत उपास करत होती, आणि मी तिच्यापासून दहा पावलांवर डोळे मिटून बसलो होतो.

आता अकोल्यात आगगाडी येते आणि कापूस गठाणी बांधून मुंबईला जातो. मार्थाबाई गेली, तिची चूल माझी बायको सांभाळते. घरच्यांनी टाकलेली पोरं मिशनमध्ये येतात, त्यांनाही मी तूर निवडायला बसवतो. धीरावरचा माझा विश्वास उडालेला नाही. पण गावाकडे निघालेल्याला मी सांगतो, बाबा, तुला काय हवं ते दारात उभं राहून मोठ्यानं सांग, आणि मग खुशाल धीर धर.

ही पोरं विचारतात, तुमचं घर कुठं? मी सांगतो, इथेच, अकोल्यात. ते खोटं नाही. पण त्या दुपारी वेशीपाशी पोचल्यावर मी एकदा मागे वळून पाहिलं होतं, गिरजे. आपल्या घरातून धूर निघत होता. मी गेलो होतो, म्हणून मायनं चूल पेटवली होती.