सरकी फोडणारा दात

सिंदी रेल्वे या गावच्या बाजारात मी शेतकऱ्यांचा कापूस विकत घेतो. बैलगाडीतला वरचा कापूस नेहमीच कोरडा असतो. वजन वाढवायला ओला केलेला असतो तो तळाशी. म्हणून हात खांद्यापर्यंत आत घालायचा, तळातला कापूस उपसायचा आणि त्यातली सरकी समोरच्या दातानं फोडायची. कट् वाजली तर कोरडी, दबली तर ओली. माझा सगळा धंदा त्या एका दातावर. नेमकं त्याचंच रूट कॅनॉल झालं, आणि काही महिन्यांत हिरडीवर पुन्हा फोड आला.

वर्ध्याचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “दात वाचवायचा तर छोटी शस्त्रक्रिया करू. हिरडी उचलून मुळाचं टोक कापायचं आणि तिथून सिमेंट भरायचं. सगळं मायक्रोस्कोपखाली.”

“टिकन काय जी?”

“वर्षभरात हाड भरलं तर छान. पण पुढेही दाखवत राहा. सुरुवातीला बरे झालेले काही दात नंतर बिघडतात.”

म्हणजे वरचा थर कोरडा. तळाचं बोलायचं नाही! तो मायक्रोस्कोपही मला देखावाच वाटला. पण दात हवा होता. तोंड उघडलं.

टाके निघायच्या आतच एक शेतकरी गाडी घेऊन आला. कापूस जरा जास्तच पांढरा दिसला. सवयीनं तळात हात घातला, सरकी काढली आणि फोडली. कट् वाजलं. पण सरकीत की तोंडात, ते कळेना.

“काऊन जी सेठ, रडून राह्यले? एवढा चांगला हाय काय माहा कापूस?”

डॉक्टरांनी विचारलं, “कडक काही खाल्लं?”

“नाई जी. निस्ता वरण-भात.”

त्यांनी तोच मायक्रोस्कोप तोंडावर आणला, चिमटा घातला आणि तुटलेल्या टाक्यात अडकलेला कापसाचा पुंजका माझ्या नाकासमोर धरला. “वरणाला फोडणी कापसाची देता का?”

टाका पुन्हा पडला. वर्षानं एक्सरेत हाड भरलेलं दिसलं.

“हा फोटो माह्याच दाताचा हाय ना?” मी विचारलं.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “तुमचा भरोसा तर माह्यावरबी नाई.”

पुढे दर हंगामाआधी मी न बोलावता वर्ध्याला जाऊ लागलो. काही वर्षांनी डॉक्टर म्हणाले, “दात उत्तम आहे. आता इतक्यांदा यायची गरज नाही.” मी सावध झालो. गिऱ्हाईक इतक्या सहजी सोडणारा माणूस मी बाजारात पाहिला नव्हता.

सरकी आता दाढेनं फोडतो. आणि रोज सकाळी आरशासमोर ती हिरडी बोटानं दाबून पाहतो. वरून तरी कोरडी लागते.